खाऱ्या पाण्याच्या टाकीत शेवाळ का माजतं?

लक्षद्वीपच्या बेटांभोवतीचं उथळ पाणी डोळ्यांसमोर आणा. लख्ख ऊन, तळापर्यंत पोचणारा प्रकाश, बारा महिने कोमट पाणी. शेवाळाला याहून सोयीची जागा कुठली असणार? तरीही निरोगी प्रवाळखडकावर लांब हिरवं शेवाळ शोधावं लागतं. घरात मात्र तीन फुटी टाकी मांडा, मोजूनमापून मीठ घाला, महागडा दिवा लावा, चार मासे सोडा. दीड-दोन महिन्यांत काच तपकिरी होते, वाळूवर लालसर पापुद्रा धरतो आणि खडकावर हिरवे केस उगवतात. टाकीचा मालक काच घासतो, पाणी बदलतो, दुकानदार देईल ती बाटली ओततो. आठवड्याभरात शेवाळ पुन्हा तिथेच.

यात त्याचा आळस नसतो. चूक होते ती ओळखण्यात. ‘शेवाळ’ या एकाच नावाखाली टाकीत पाच-सहा अगदी वेगळे जीव येतात. त्यातले काही तर शेवाळच नसतात. एकावर लागू पडणारा उपाय दुसऱ्याला पोसतो, आणि इथेच बरेच लोक थकून छंद सोडतात.

## समुद्रात खडक स्वच्छ कोण ठेवतं?

प्रवाळखडकावर शेवाळ उगवत नाही असं नाही. ते भराभर उगवतं आणि उगवताक्षणी खाल्लं जातं. सर्जनफिश, पोपटमासे, गोगलगायी, काटेरी अर्चिन हे सगळे दिवसरात्र खडक खरवडत असतात. म्हणून आपल्याला दिसतो तो फक्त खुरटा, जेमतेम काही मिलिमीटरचा थर.

हे खाणारे नाहीसे झाले तर काय होतं, ते कॅरिबियन समुद्राने दाखवून दिलं. १९८३ च्या सुरुवातीला पनामाजवळ डायाडेमा जातीचे लांब काट्यांचे काळे अर्चिन मरू लागले. साधारण वर्षभरात ही साथ जवळपास सगळ्या कॅरिबियनभर पसरली आणि नव्वद टक्क्यांहून अधिक अर्चिन संपले. जमैकात शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीने आधीच उरले नव्हते. १९८० च्या ॲलन वादळाने प्रवाळ मोडले होते. खडक खरवडणारा शेवटचा मोठा प्राणी होता तो हा अर्चिन. तो गेला आणि मोठ्या शेवाळाने खडक व्यापला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस निम्म्याहून अधिक तळ झाकणारे जिवंत प्रवाळ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पाच टक्क्यांच्याही खाली आले.

घरातल्या नव्या टाकीत खाणारे जवळपास नसतात आणि खडक कोरा असतो. भारतात हा कोरेपणा जरा जास्तच जाणवतो. परदेशातले छंदी लोक पूर्वी समुद्रातून काढलेले, जीवजंतूंनी भरलेले ‘लाइव्ह रॉक’ थेट टाकीत ठेवत. आपल्याकडे २००१ पासून खडक बांधणारे सगळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावरून प्रवाळाचा दगड उचलून आणणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. म्हणून आपण कोरड्या किंवा बनवलेल्या दगडावर टाकी सुरू करतो. अशा दगडावर चांगल्या जिवाणूंचा आणि गुलाबी-जांभळ्या कोरलाइन शेवाळाचा थर बसायला महिने लागतात. तोवर जागा मोकळी असते आणि जो आधी येईल तो ती बळकावतो.

## किट शून्य दाखवते, मग हे जगतं कशावर?

शेवाळाला प्रामुख्याने प्रकाश, नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. यातले शेवटचे दोन घटक पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट या रूपांत मोजले जातात. खडक हिरवागार झालेला, पण चाचणीच्या नळीत दोन्हींचं मोजमाप शून्य! ‘किटच खराब आहे’ असं म्हणून माणूस दुसरी किट आणतो. तीही शून्यच दाखवते.

दोन्ही किट बरोबर असतात. किट मोजते ते पाण्यात उरलेलं. आलं किती होतं ते तिला कळत नाही. पंगत उठल्यावर घासूनपुसून रिकामी झालेली पातेली बघून स्वयंपाकच झाला नव्हता असं म्हणावं, तसं हे आहे. शेवाळ माजलेल्या टाकीत फॉस्फेट पाण्यात येताक्षणी उचललं जातं.

आत किती येतं, याचा एक ढोबळ हिशेब करू. माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस धरा आणि पंचेचाळीस टक्के प्रथिनं. एक ग्रॅम खाद्यात १० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट. दोनशे लिटरच्या टाकीत ते सगळं विरघळलं तर पातळी लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅमने वाढेल. त्याच ग्रॅमभर खाद्यातून नायट्रेट वाढेल लिटरमागे सुमारे १.६ मिलिग्रॅमने. प्रवाळ ठेवणारे बहुतेक जण फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान राखू पाहतात. म्हणजे एका दिवसाचं ग्रॅमभर खाद्य ती मर्यादा एका झटक्यात ओलांडू शकतं. काही भाग माशांच्या शरीरात जातो, काही स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) ओढून घेतो, पण उरलेलं कुणाच्या तरी तोंडी जाणारच. आठवड्याला वीस टक्के पाणी बदललं तर पाण्यात साठलेल्यातले वीसच टक्के बाहेर जातात, हेही लक्षात ठेवा.

दुसरं कोठार आहे खडकात. हे दगड चुनखडीचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि त्यांच्या पृष्ठभागाला फॉस्फेट चिकटून राहतं. पाण्यातलं फॉस्फेट वाढलं की दगड ते धरून ठेवतो, कमी झालं की सोडतो. म्हणून फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे घातल्यावर पातळी दोन दिवस खाली जाते आणि पुन्हा वर येते. दाणे निकामी नसतात. दगड जुना साठा रिता करत असतो. हा साठा संपायला आठवडे, कधी महिने लागतात. घाई करून काही हाती लागत नाही.

तिसरी वाट नळाची. टाकीतून रोज वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी. मागे सगळे क्षार राहतात. त्याजागी नळाचं पाणी ओतलं तर त्यातलं सिलिकेट, नायट्रेट, फॉस्फेट थोडं थोडं साठत जातं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या उन्हाळ्यात ही भर चांगलीच असते. म्हणून आरओच्या पुढे उरलेले क्षार धरणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडलेलं, टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं पाणीच वापरावं. घरातल्या पिण्याच्या आरओचं पाणी सहसा शून्यावर येत नाही. शहराजवळच्या किनाऱ्यावरून पाणी भरून आणणं तर टाळाच: त्यात सांडपाण्याची पोषकद्रव्यं असतात, अनोळखी जीव असतात आणि पावसाळ्यात त्याची क्षारताही घटलेली असते.

## कोण आलंय, ते बघा

ओळख पटवायला रंग पुरत नाही. तपकिरी थर तीन वेगवेगळ्या जीवांचा असू शकतो. बोट, नाक आणि घड्याळ वापरा.

नव्या टाकीत सहसा सगळ्यांत आधी येतात डायटम. काचेवर, वाळूवर बारीक तपकिरी भुकटी. बोट फिरवलं की सहज पुसली जाते. डायटमचं कवच सिलिकाचं असतं आणि ते त्यांना पाण्यातल्या सिलिकेटमधून मिळतं. नवी वाळू, नवा दगड आणि नळाचं पाणी सिलिकेट पुरवतात. ते संपलं, इतर जीव स्थिरावले की डायटम बहुधा आपोआप ओसरतात. काच पुसा आणि थांबा. या टप्प्यावर औषध ओतणं मला पूर्णपणे चुकीचं वाटतं.

मग येतो लालसर, कधी काळपट हिरवा, गुळगुळीत पापुद्रा. कडेने धरला तर सालीसारखा सलग सुटून येतो, आत हवेचे बुडबुडे अडकलेले असतात आणि बरेचदा कुबट वास येतो. सकाळी पातळ असतो, दुपारपर्यंत जाड होतो. हे सायनोबॅक्टेरिया: प्रकाशावर अन्न बनवणारे जिवाणू. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे. यांच्यातले काही पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू थेट वापरू शकतात. त्यामुळे नायट्रेट शून्यावर नेलं तरी ते हरत नाहीत; उलट नायट्रेटवाचून अडणारे त्यांचे स्पर्धक मागे पडतात. हे वाढतात ते प्रवाह मंद असलेल्या, गाळ साचलेल्या कोपऱ्यांत. नळीने ओढून पापुद्रा बाहेर काढा, पॉवरहेडची (टाकीत प्रवाह खेळवणाऱ्या पंपाची) दिशा बदला, वाळूतला गाळ काढा. तेवढ्याने पुष्कळदा काम भागतं.

खडकावर उगवणारे मऊ हिरवे केस हे खरंखुरं शेवाळ. डर्बेसिया, क्लॅडोफोरा अशा बऱ्याच जाती या नावाखाली येतात आणि यांची भूक नायट्रेट-फॉस्फेटचीच असते. केस एका धाग्याचा नसून मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंनी पिसासारखे फाटे फुटलेले दिसले, तर ते ब्रायोप्सिस. ही ओळख महत्त्वाची आहे, कारण ब्रायोप्सिसला बहुतेक गोगलगायी तोंड लावत नाहीत आणि तुटलेल्या तुकड्यातून ते पुन्हा वाढतं.

हिरवे चकचकीत मणी दिसले तर व्हॅलोनिया. मण्याएवढा तो अख्खा गोळा म्हणजे एकच पेशी असते, फक्त तिच्यात केंद्रकं अनेक असतात. काही सेंटिमीटरपर्यंत वाढणारी ही एकपेशीय रचना मला निसर्गातल्या थोर आश्चर्यांपैकी वाटते. टाकीत मात्र ती दगडाच्या फटी भरून टाकते. मणी फोडू नका. बुडाशी नख किंवा चपटी पट्टी घालून अख्खा सोडवा, जमलं तर दगड बाहेर काढून. एमराल्ड क्रॅब नावाचा हिरवा खेकडा हे मणी खातो, पण प्रत्येक खेकडा खाईलच असं नाही.

राहिला सगळ्यांत त्रासदायक पाहुणा: डायनोफ्लॅजेलेट. शेंबडासारखे तपकिरी चिकट धागे, त्यांच्या टोकांना हवेचे बुडबुडे. दिवे गेल्यावर थर विरतो, सकाळी वाळू स्वच्छ दिसते, दुपारी पुन्हा सगळं जसंच्या तसं. डायटम समजून लोक दुर्लक्ष करतात आणि तेवढ्यात गोगलगायी मरू लागतात. कोकण किनाऱ्यावर कधीकधी रात्री लाटा निळ्या चमकतात, त्यामागचा नॉक्टिल्युका याच गटातला. प्रवाळाच्या शरीरात राहून त्याला अन्न पुरवणारं सूक्ष्म शेवाळही याच गटातलं. म्हणजे सगळा गट वाईट नाही. टाकीत छळणाऱ्या जाती मोजक्या आहेत: ऑस्ट्रिऑप्सिस, प्रोरोसेंट्रम, ॲम्फिडिनियम आणि आणखी काही.

यांची घरगुती परीक्षा सोपी आहे. टाकीतलं पाणी आणि थोडा थर एका बाटलीत घ्या, जोरात हलवा, मग टिश्यू कागदातून गाळून घ्या. गाळलेलं स्वच्छ पाणी दिव्याखाली तासभर ठेवा. त्यात पुन्हा धागे जुळून आले तर डायनोफ्लॅजेलेटचा संशय पक्का धरा. शाळेत असतो तसा चारशेपट दाखवणारा सूक्ष्मदर्शक मिळाला तर उत्तमच: डायटमची काचेसारखी पारदर्शक, बरेचदा होडीसारखी कवचं दिसतात, सायनोबॅक्टेरियाच्या सरळ साखळ्या दिसतात, आणि ऑस्ट्रिऑप्सिसच्या थेंबाच्या आकाराच्या पेशी एका टोकाभोवती गरगर फिरताना दिसतात.

चौकट: बोटाने ओळखा
पुसताच भुकटीसारखं उडतं: डायटम, वाट बघा. सालीसारखं सलग सुटतं: सायनोबॅक्टेरिया, ओढून काढा आणि प्रवाह वाढवा. केसासारखं उपटावं लागतं: हिरवं शेवाळ, उपटा आणि पोषण कमी करा, पिसासारखं असेल तर ब्रायोप्सिस. कडक हिरवे मणी: व्हॅलोनिया, न फोडता काढा. चिकट धागे, बुडबुडे आणि रात्री गायब: डायनोफ्लॅजेलेट, पोषण कमी करणं ताबडतोब थांबवा.

## अति स्वच्छतेचा आजार

चौकटीतली शेवटची ओळ बऱ्याच जणांना उलटी वाटेल. पण नेमकं तेच महत्त्वाचं आहे. हिरव्या शेवाळाला घाबरून माणूस खाद्य तोडतो, शोषक दाणे भरतो, स्किमर जोरात चालवतो. नायट्रेट आणि फॉस्फेट खरोखरच शून्यावर जातात. मग हिरवं शेवाळ मरतं, खडकावरचे जिवाणूंचे थर उपाशी पडतात आणि जागा मोकळी होते. डायनोफ्लॅजेलेट हलू शकतात, चांगल्या जागी सरकू शकतात, आणि त्यांच्यातल्या अनेक जाती प्रकाशावर जगता जगता जिवाणूही गिळतात. उपासमारीत टिकण्याची इतकी साधनं इतरांकडे नसतात. कोऱ्या दगडाच्या, अति स्वच्छ, नव्या टाक्यांत हे वारंवार घडतं.

म्हणून इथे उपचार उलट्या दिशेने करावा लागतो. पाणी बदलणं थांबवायचं, शोषक काढायचे आणि नायट्रेट लिटरमागे पाच ते दहा मिलिग्रॅम, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ च्या आसपास येईल असं पोषण मुद्दाम द्यायचं. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगतं. तेव्हा ते यूव्ही दिव्याच्या नळीतून फिरवलं तर मरतं. ॲम्फिडिनियम मात्र वाळूतच राहतं, त्याच्यावर यूव्हीचा फारसा उपयोग होत नाही. जात ओळखायची ती यासाठी.

एक सावधगिरीही सांगायला हवी. ऑस्ट्रिऑप्सिसमध्ये पॅलिटॉक्सिनच्या कुळातली विषं असतात. २००५ साली इटलीत जेनोआच्या किनाऱ्यावर ते फोफावलं तेव्हा समुद्राची फवार श्वासात गेल्याने सुमारे दोनशे जणांना ताप आणि श्वासाचा त्रास झाला. टाकीत हात घालताना हातमोजे घाला आणि असे दगड गरम पाण्याने घासू नका.

## हिरव्या शेवाळाशी रोजचा व्यवहार

हिरव्या केसांसाठी मात्र जुनीच वाट धरावी. सगळ्यांत आधी हाताने उपटा. टूथब्रशने घासताना शेजारी पाण्याची नळी धरा, म्हणजे सुटलेले तुकडे टाकीत न फिरता बादलीत जातात. शेवाळ टाकीतच मेलं आणि कुजलं तर खाल्लेलं सगळं पाण्यात परत करतं. उपटून बाहेर टाकलेली प्रत्येक मूठ मात्र नायट्रोजन आणि फॉस्फरस कायमचा बाहेर नेते.

त्यानंतर गोगलगायी सोडा. हा क्रम बदलू नका. टर्बो आणि ट्रोकस जातीच्या गोगलगायी खुरटं शेवाळ उत्तम चरतात. लांब केसांच्या रानात त्यांचं काही चालत नाही. यलो टँगसारखे मासे शेवाळ खातात हे खरं, पण ते मैलोन्‌मैल पोहणारे मासे आहेत. शेवाळ खाईल म्हणून तीन फुटी टाकीत त्यांना कोंबणं हे त्या जिवाशी अन्यायाचं आहे.

एक युक्ती मला विशेष आवडते: शेवाळानेच शेवाळाला हरवणं. टाकीला जोडलेल्या वेगळ्या खणात किटोमॉर्फा नावाचं, तारांच्या गुंत्यासारखं निरुपद्रवी शेवाळ वाढवायचं. मुख्य टाकीतले दिवे मालवले की त्याच्यावर दिवा लावायचा. ते पोषण ओढतं आणि दर पंधरवड्याला त्यातलं मूठभर काढून टाकलं की झालं. याच विचाराचं यंत्र अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडी यांनी बनवलं. जाळीवरून पाणी खळखळत न्यायचं, तिच्यावर शेवाळ वाढू द्यायचं आणि ठरावीक दिवसांनी ते खरवडायचं. १९८२ साली त्याचं पेटंट मिळालं. प्रवाळखडकावरच्या खुरट्या शेवाळाचा अभ्यास करता करता त्यांना ते सुचलं.

दिवा आठ-नऊ तासांहून जास्त ठेवू नका. तीन दिवस टाकी अंधारात ठेवण्याने सायनोबॅक्टेरिया आणि काही डायनोफ्लॅजेलेट मागे हटतात. पण मूळ कारण तसंच राहिलं तर ते परततात.

## बाटलीतले उपाय

औषधं आहेत आणि काही परिणामकारकही आहेत. बुरशीवर दिलं जाणारं फ्लुकोनाझोल ब्रायोप्सिसवर चालतं. हाताने उपटून थकलेल्याने ते वापरलं तर मी दोष देणार नाही. सायनोबॅक्टेरिया हे जिवाणू असल्याने एरिथ्रोमायसिनने मरतात. पण ते माणसांचं प्रतिजैविक आहे. टाकीतले उपयोगी जिवाणूही त्याने मरू शकतात आणि उरलेलं पाणी गटारात जातं. लाल पापुद्र्यापायी प्रतिजैविक ओतू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गोड्या पाण्याच्या टाकीसाठी विकली जाणारी तांब्याची शेवाळनाशकं तर प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायी सगळ्यांनाच मारतात.

कुठलंही औषध घातलं तरी शेवाळ झपाट्याने मरतं तेव्हा कुजण्यात प्राणवायू खर्च होतो. त्या दिवसांत हवेचा पंप चालू ठेवा, नाहीतर पहाटे मासे पृष्ठभागावर धापा टाकताना दिसतील.

## उपटलेलं शेवाळ कुठे टाकता?

१९८४ साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलिया या शोभेच्या शेवाळाचा जेमतेम चौरस मीटरभर पट्टा दिसला. मत्स्यालयांत वाढवलेला हा वाण थंड पाण्यातही तग धरणारा होता. पुढच्या वर्षांत तो फ्रान्स आणि इटलीच्या किनाऱ्यांवर हजारो हेक्टर पसरला. फ्रेंच शास्त्रज्ञ अलेक्सांद्र मेनेझ यांनी सतत इशारे दिले, पण तोवर तो काढण्यापलीकडे गेला होता. २००० साली तोच वाण कॅलिफोर्नियातल्या अग्वा हेडिओंडा खाडीत सापडला. तिथे काळ्या ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडलं गेलं. २००६ मध्ये तो संपल्याचं जाहीर झालं तेव्हा सत्तर लाख डॉलरहून अधिक खर्च झाला होता. आपल्याकडेही मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटाजवळ, लागवडीसाठी आणलेलं काप्पाफायकस हे परदेशी शेवाळ जिवंत प्रवाळांवर चढलेलं आढळलं आहे.

तेव्हा टाकीतून काढलेलं शेवाळ, मग ते उपद्रवी असो वा मुद्दाम वाढवलेलं, खाडीत, समुद्रात किंवा पावसाच्या नाल्यात कधीही टाकू नका. उन्हात कडकडीत वाळवा आणि कचऱ्यात द्या. बदललेलं पाणी घरातल्या मोरीत ओता, समुद्रात नको.